वावरानं दिलेलं आडनाव

सुरुवातीलाच माफी मागतो. नोकरीचे अनुभव लिहावेत ते निवृत्त माणसांनी, असं मला वाटतं. माझी एम.ए.ची शेवटची परीक्षा अजून व्हायची आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. छापून यावं असं याआधी काही लिहिलेलं नाही. या अंकाच्या संपादकताई म्हणाल्या, तू करतोस ते काम आमच्या वाचकांना माहीतच नाही, तेवढं सांग. म्हणून धीर करून बसलो. लिहिण्यात काही कमी पडलं तर सांभाळून घ्या. कामाबद्दल जे सांगेन ते मात्र बरोबर असेल. ते मला येतं.

मी अमेरिकेतल्या लोकांचे जर्मन पूर्वज शोधतो. नागपुरात बसून.

आमचं ऑफिस धंतोलीत आहे. इमारतीत खाली हाडांचा दवाखाना, वर रक्ततपासणी, आणि मध्ये आम्ही. त्यामुळे लिफ्टमध्ये रोज गडचिरोली-वाशीमपासून आलेले पेशंट भेटतात. एकदा हातात एक्स-रेचं पाकीट धरलेले एक आजोबा माझ्यासोबत आमच्या मजल्यावर उतरले आणि दारावरची पाटी बघत उभे राहिले.

"तुमच्याकडचा डॉक्टर कशाचा हाय गा?"

मी म्हटलं, बाबा, इथे डॉक्टर नाही. आम्ही लोकांचे पणजोबा शोधतो.

"हरवले का?"

"हो. अमेरिकेत गेले होते."

आजोबांनी विचार केला. "मंग पोलिसात काहून नाही सांगत?"

त्यांना मी वर रक्ततपासणीला पोचवून आलो. पण माझं काम इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी मांडलेलं नाही.

आता ते जरा नीट सांगतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून खूप माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आता सुखवस्तू आहेत आणि त्यांना आपलं मूळ गाव हवं असतं. अडचण अशी की अमेरिकेच्या बंदरावरच्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा गावाचं नाव नसतंच. नुसतं 'प्रशिया' किंवा 'हानोव्हर' लिहिलेलं असतं. आपल्याकडे कोणी 'तुमचं गाव कोणतं' विचारल्यावर 'विदर्भ' असं सांगावं, तसं हे. गाव सापडलं की अर्धं काम झालं. कारण गावाच्या चर्चमध्ये तीन प्रकारच्या नोंदी असतात: बाळाला चर्चमध्ये नेऊन नाव ठेवलं त्याची, लग्नाची आणि दफनाची. पुष्कळ नोंदींचे फोटो आता संगणकावर बघता येतात.

फोटो बघता आले तरी वाचता येत नाहीत, हे दुसरं. त्या काळचे पाद्री एका जुन्या वळणाच्या लिपीत लिहीत. आजच्या जर्मन माणसालाही ती लागत नाही, जशी आपल्याला मोडी लागत नाही. मी बी.ए.ला असताना जर्मन भाषेचा सर्टिफिकेट कोर्स केला होता, का तर कॉल सेंटरमध्ये भाव मिळतो असं सीनियर पोरं सांगत. कॉल सेंटरने घेतलं नाही, माझी इंग्रजी अडखळत होती. देशकर मॅडमनी घेतलं. मॅडम आमच्या टीमच्या प्रमुख. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्यासमोर एक पान ठेवलं. मला त्यात नुसत्या उभ्या काड्या दिसल्या. त्या म्हणाल्या, काड्याच आहेत, त्या मोजायला शिक, अक्षरं आपोआप दिसतील. तसंच झालं.

मॅडमचे नियम दोन. पहिला, प्रत्येक नोंद दोघांनी वेगवेगळी वाचायची, एकमेकांना न विचारता, आणि मग जुळवायची. दुसरा, जे दिसतं ते वर लिहायचं आणि जे वाटतं ते खाली लिहायचं. खालचं कधी वर जाऊ द्यायचं नाही. हा नियम मी आता घरीही वापरतो. पुष्कळ भांडणं वाचतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ होते, त्यांना खात्री होती की आपला पूर्वज सरदार-जहागीरदारांपैकी होता. घरात कुठलं तरी निशाण फ्रेम करून लावलं होतं त्यांनी. आम्हाला सापडला तो दुसऱ्याच्या शेतावरच्या झोपडीत राहून त्याच्याच शेतात राबणारा माणूस. मी मनात त्याला सालदार म्हणतो, दुसरा चांगला शब्द मला सुचलेला नाही. गृहस्थांनी फार सभ्यपणे कळवलं की अहवालात त्या जागी 'जमीनमालक' लिहिता येईल का. मॅडम मला म्हणाल्या, "सालदाराचा मालक करायचा तर त्याला जमीन द्यावी लागेल. ती आपल्याकडे कुठे आहे?" मग त्यांनी तितक्याच सभ्यपणे नकार कळवला.

आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, की आमचं खरं आडनाव वेगळं होतं, बंदरावरच्या कारकुनाने ते बदललं. बिचारा कारकून. त्याच्यासमोर जहाजाची यादी असायची आणि तो तिच्यावर खुणा करायचा. नावं त्याने बदलली नाहीत. नाव बदलायचं ते माणूस स्वतः बदलतो, नाहीतर त्याच्या भोवतालचे लोक बदलतात. हे मला कामातून ठाऊक होतं असं मी समजत होतो. खरं म्हणजे ते मला घरातूनच ठाऊक असायला हवं होतं. तीच गोष्ट सांगण्यासाठी हा लेख.

जॉयसबाई ओहायो राज्यात राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं आडनाव ब्रोकहोफ. त्यांचे वडील वॉल्टर, नव्वदी पार केलेले, वृद्धांच्या निवासात. यांचा पूर्वज हाइनरिश ब्रोकहोफ हा बायको ॲना मारिया आणि एक लहान मूल घेऊन अमेरिकेला आला. या बाबतीत गाव आधीच माहीत होतं, जर्मनीच्या वायव्येकडचं. मग अडचण काय?

अडचण अशी की अमेरिकेत आल्यावर हाइनरिशचं त्याच्याच जर्मन गावच्या एका शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण झालं होतं. तो शेजारीही ओहायोत येऊन राहिलेला. रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर तो म्हणाला, हा ब्रोकहोफ नव्हेच, याच्या बापाचं नाव दुसरंच आहे. हाइनरिशने उत्तर दिलं नाही. बस, एवढंच. पण तेवढ्यावर पुढच्या पिढ्यांनी काय काय रचलं. कोणी म्हणे तो पलटणीतून पळाला. कोणी म्हणे खरा ब्रोकहोफ वाटेत मेला, कसा मेला ते विचारू नका, आणि याने त्याचे कागद घेतले. वॉल्टरना लहानपणी शाळेत त्या शेजाऱ्याची पतवंडं 'चोरीच्या नावाचा' म्हणून चिडवत. पुढे जॉयसबाईंच्या पुतण्याने हौसेने गावच्या नोंदी तपासवून घेतल्या. हाइनरिशची जन्मतारीख त्याच्या थडग्यावर पूर्ण कोरलेली होती. त्या तारखेला त्या गावात हाइनरिश ब्रोकहोफ नावाचं कोणी जन्मलेलं नव्हतं. त्याच्या पुढे-मागेही नव्हतं. वॉल्टरना वाटलं, झालं, खरं ठरलं.

एका संध्याकाळी, त्यांच्याकडे सकाळ होती, जॉयसबाईंनी व्हिडिओवर वडिलांशी बोलणं करून दिलं. मोठे कान, गुंडी लावलेला शर्ट, हळू बोलणं. मी बोलायला घाबरत होतो, पण ते माझ्यापेक्षा जास्त संकोचलेले होते. त्यांना स्वतःचा दगड करून घ्यायचा होता. तिकडे तशी रीत आहे, माणूस जिवंतपणी थडग्याचा दगड बसवून घेतो. आणि त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं की दगडावर फक्त 'वॉल्टर' लिहायचं, आडनाव नाही.

"या नावात मी जन्मभर भाडेकरूसारखा राहिलो," ते म्हणाले. "मेल्यावर तरी दुसऱ्याच्या घरात झोपायचं नाही."

ओहायोत थंडीत जमीन गोठते, तेव्हा दगड बसवत नाहीत. म्हणजे थंडीच्या आधी सांगायला हवं होतं, आडनाव कोरायचं की नाही. पुढच्या वसंतापर्यंत थांबायची वॉल्टरची तयारी नव्हती, आणि त्या वयात कोणी त्यांना थांबा म्हणणार नव्हतं.

मॅडमनी आणि मी गावच्या सगळ्या जन्मनोंदी वेगवेगळ्या वाचल्या. हाइनरिश ब्रोकहोफ नाहीच. सापडली ती फक्त त्याच्या पहिल्या मुलाची नोंद, जे जर्मनीत जन्मलं ते. बाप हाइनरिश ब्रोकहोफ, आई ॲना मारिया ब्रोकहोफ. पुतण्यालाही ती मिळालेली होती, त्यात नवं काही नव्हतं. मी 'दिसतं'मध्ये उतरवली आणि 'वाटतं'मध्ये लिहिलं, दोघांचं आडनाव मुळातच एक, म्हणजे चुलत नात्यातले असावेत. मॅडम म्हणाल्या, "सुमेध, 'सापडला नाही' हेही उत्तरच असतं. पण ते पाठवण्याआधी आपण सगळीकडे पाहिलं ना, एवढं स्वतःला विचार." त्याच आठवड्यात आत्याच्या मुलीचं लग्न होतं. मी म्हटलं, आल्यावर पाठवतो.

आता थोडं माझ्या घराबद्दल. आमचं गाव रामटेकच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. पण ते बाबांचं गाव नव्हे, आईचं. आईच्या वडिलांना मुलगा नव्हता, तर त्यांनी थोरल्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, घरजावई पाहिला. बाबा भंडाऱ्याकडचे गजभिये. आजोबा मेश्राम. बाबा आले, मेश्रामांच्या वावरात, म्हणजे शेतात, धानाची रोवणी करू लागले, आणि दोन-चार वर्षांत गाव त्यांना मेश्राम म्हणू लागलं. आधी 'मेश्रामाचा जावई', मग नुसतंच मेश्राम. माझ्या शाळेच्या दाखल्यावर गजभिये आहे, पण मास्तरही हाक मारायचे ती 'अरे मेश्राम' अशीच. मला यात कधी काही विशेष वाटलं नाही.

विशेष वाटलं ते तुळशीराम काकांना, बाबांच्या थोरल्या चुलतभावाला. बऱ्याच वर्षांपूर्वी ते आपल्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन प्रथमच आमच्या गावी आले. पानठेल्यावर उभं राहून गजभियेचं घर विचारलं. ठेल्यावर बसला होता आमचा शेजारी, जो दर बुधवारी आमच्या घरी जेवतो. तो म्हणाला, या गावात गजभिये नावाचं कुत्रंही नाही. काका भर उन्हात परत गेले. बाबा त्या लग्नाला नव्हते, कारण त्यांना ते कळलंच नाही. पुढे काकांच्या कानावर आलं की धाकटा तिथे मेश्राम म्हणून राहतो, आणि त्यांचा समज झाला की त्याने बापाचं नाव टाकलं. तेव्हापासून बोलणं बंद.

आत्याच्या मुलीच्या लग्नात दोघं एकाच पंगतीत आले. मी वाढत होतो. काकांनी पानावरून मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काहून गा, बापाचं नाव जड झालं होतं का तुले?"

बाबा भांडणारे नाहीत. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले.

"मी नाही झालो दादा मेश्राम," ते म्हणाले. "मले वावरानं मेश्राम केलं. लोकं ज्या नावानं हाक मारते, त्याले ओ देल्ली मी. दुसरं काय करतो?"

मी वाढायचा थांबलो होतो. आत्या म्हणाली, अरे बाबू, वरण सांडून राहिलं. मला त्या वेळी एक नोंद डोळ्यांसमोर दिसत होती. बाप ब्रोकहोफ, आई ब्रोकहोफ.

आमच्या कामातला एक साधा नियम आहे, पहिल्या महिन्यात शिकवतात तो. जर्मन पाद्री आईचं नाव लिहिताना तिचं माहेरचं आडनाव लिहितो, सासरचं नाही. म्हणजे ॲना मारिया ही ब्रोकहोफांची मुलगी होती. नवरा-बायको नातलग असतील असं धरून आम्ही पुढे गेलो होतो. पण नाव तिचं असेल तर? 'होफ' म्हणजे शेतवाडी. हे तर शेताचंच नाव. आम्ही त्याचा जन्म शोधत होतो, त्याने नाव आणलं कुठून ते बघायला. आणि तो तर ज्या घरी जावई म्हणून आला त्या घराचं नाव लावून बसलेला.

सोमवारी मॅडमना सांगितलं. आमचं बहुतेक काम जर्मनीच्या दुसऱ्या भागांतलं, तिकडे असं काही आढळलं नव्हतं. मॅडमनी त्या भागाबद्दलची पुस्तकं काढली आणि मान हलवली. तिथे तशी रीतच होती. नाव घराण्याचं नसे, शेतवाडीचं असे. जो तिथे नांदायला आला, पुरुष असला तरी, त्याला ते नाव लागे, आणि त्याच्या मुलांनाही. "मी हे कधीतरी वाचलं होतं," मॅडम म्हणाल्या, "पण ते इथे लागू होईल असं डोक्यात आलं नाही." माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर तशा घरात वाढलो.

मग आम्ही जन्म सोडून लग्न शोधलं. ॲना मारिया ब्रोकहोफचं. नवरा हाइनरिश टेमे, शेजारच्या गावचा.

मला वाटलं, झालं काम. पण मॅडमनी 'वाटतं' या शब्दावर बोट ठेवलं. हाइनरिश टेमे आणि थडग्यातला हाइनरिश एकच, याला पुरावा काय? पुरावा म्हणजे टेमेची जन्मतारीख. आणि त्या शेजारच्या गावाच्या नोंदी संगणकावर नव्हत्या. तिथल्या चर्चचं दप्तर एक म्हातारे गृहस्थ हौसेने सांभाळत आणि फक्त गुरुवारी उघडत. पहिल्या गुरुवारी त्यांनी कळवलं, पत्र मिळालं. दुसऱ्या गुरुवारी सुट्टी होती. मी हवामानाच्या पानावर ओहायोचं तापमान बघू लागलो. टीममधली पोरं विचारायची, काय भाऊ, तिकडे लग्न ठरलं का? फोनवर बाबांना हा सगळा प्रकार सांगितला तर ते हसले. "नव्वद वर्षाचा झाला, अन् अजून बापाचं नाव विचारून राहिला?" मग म्हणाले, "भेटलं तर सांगजो."

पुढच्या गुरुवारी फोटो आला. हाइनरिश टेमे. तारीख ओहायोच्या दगडावरची तीच. दिवस, महिना, वर्ष.

गाव सोडायचं कारणही हळूहळू लागलं. ॲना मारियाची आई वारल्यावर तिच्या वडिलांनी उतारवयात दुसरं लग्न केलं आणि त्यांना मुलगा झाला. आता वाडी त्या मुलाची. जावयाला जे नाव लागलं होतं ते ज्या जमिनीमुळे लागलं, ती जमीन गेली. लेकराचं नाव त्याच आडनावाने ठेवलेलं, लोकांच्या तोंडीही तेच. तो तेच नाव घेऊन जहाजात बसला. त्याने काही चोरलं नव्हतं. चर्चबाहेर तो का बोलला नाही, हे मला 'दिसत' नाही. 'वाटतं' एवढंच, की अमेरिकेत उभं राहून ते समजावून सांगणं कठीण होतं.

अहवाल मी लिहिला. शेवटी 'वाटतं'खाली एक वाक्य घातलं, की माझे वडीलही पत्नीच्या वडिलांच्या शेतावर राहायला आले, गाव त्यांना त्या शेताच्या घराण्याच्या नावाने हाक मारतं आणि ते त्याला ओ देतात. आमच्या अहवालात खाजगी काही लिहायचं नसतं. मॅडम ते कापतील असं धरूनच चाललो होतो. त्यांनी सगळा अहवाल तपासला, दोन ठिकाणी माझी इंग्रजी दुरुस्त केली, आणि ते वाक्य राहू दिलं.

अहवाल गेला आणि सगळं शांत झालं.

या कामाचं मला वाईट वाटतं ते इतकंच. डॉक्टरला निदान पेशंट बरा झालेला दिसतो. आम्ही कोणाचा तरी पणजोबा शोधून देतो, आणि मग ते लोक रडले, भांडले की कागद कपाटात ठेवून विसरले, आम्हाला कळत नाही. विचारायचीही पद्धत नाही. पुढचं काम टेबलावर आलेलं असतं. ओहायोत बर्फ पडल्याचं मी बघितलं. बाबा दर फोनला विचारत, "त्या म्हाताऱ्याचं काय झालं गा?" आणि मी सांगत राहिलो, माहीत नाही. मध्ये एकदा त्यांनी जाता जाता सांगितलं की तुळशीराम काका येऊन गेले. पानठेल्यावर मेश्रामाचं घर विचारलं म्हणे, आणि सरळ दारात आले. जेवून गेले.

मार्चच्या उन्हात, मी परीक्षेचं वाचायला म्हणून ऑफिसात लवकर येऊन बसलो होतो, तेव्हा जॉयसबाईंचा मेल दिसला. उशिराबद्दल माफी मागितली होती. त्या बर्फात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, सगळा हिवाळा त्यातच गेला. वडिलांना अहवाल त्यांनी स्वतः वाचून दाखवला होता. वॉल्टरनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि विचारलं, तो माणूस शेतात काय पिकवतो? धान, असं जॉयसबाईंनी इंटरनेटवर बघून सांगितलं. जमीन गोठण्याच्या आधी दगड बसला. वॉल्टर चाकाच्या खुर्चीतून बघायला गेले होते.

सोबत फोटो होता. करड्या दगडावर ठळक अक्षरांत 'वॉल्टर ब्रोकहोफ'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'टेमे घराण्यातला'. त्याच्या खाली जन्माचं वर्ष, मग एक आडवी रेघ, आणि रेघेच्या पुढची, मृत्यूच्या वर्षाची जागा कोरी. मेल लिहिला त्या सकाळपर्यंत, जॉयसबाईंनी मुद्दाम कळवलं होतं, ती कोरीच आहे.